चार माणसं आणि नसलेलं दार: 'नाइटहॉक्स' या चित्राचा प्रकरण अभ्यास

शहरातल्या एकटेपणाचं चित्र म्हटलं की जगभरात बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. रात्रीची वेळ, रस्त्याच्या कोपऱ्यावर काचेचं डायनर, म्हणजे काउंटरवर बसून खायचं साधं हॉटेल, आत चार माणसं, बाहेर चिटपाखरू नाही. एडवर्ड हॉपर या अमेरिकन चित्रकाराचं 'नाइटहॉक्स', म्हणजे रात्री जागणारी माणसं. २१ जानेवारी १९४२ रोजी पुरं झालेलं हे तैलचित्र ८४.१ सेंटिमीटर उंच आणि १५२.४ सेंटिमीटर रुंद आहे आणि त्याच वर्षापासून शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटच्या संग्रहात आहे.

पोस्टरवर, कॅलेंडरवर, कपावर छापून छापून ते इतकं गुळगुळीत झालंय की त्याच्याकडे नीट कोणी बघत नाही. 'एकाकी माणसं' असं म्हणायचं आणि पुढे जायचं. पण जरा थांबलं की हिशेब जुळेनासा होतो. चौघांपैकी खरोखर एकटा बसलेला माणूस एकच. दोघं अगदी शेजारी शेजारी आहेत, चौथा आपल्या कामात आहे. कोणी डोकं धरून बसलेलं नाही, कोणाच्या डोळ्यांत पाणी नाही. दिवे लख्ख आहेत, जागा स्वच्छ आहे, कॉफी गरम असावी. मग बघणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतो तो कशामुळे?

या प्रकरणात तेवढाच प्रश्न धसास लावायचा आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: हॉपरने एकाकी माणसं रंगवलेली नाहीत. त्याने एक जागा बांधली, आणि ती अशी बांधली की तिच्याकडे बघणारा एकटा पडतो. हे कसं केलं, याचे पुरावे सुदैवाने भरपूर आहेत आणि त्यातले बरेचसे त्याच्या बायकोच्या हस्ताक्षरात आहेत.

वहीतली नोंद

जोसेफिन निविसन, म्हणजे जो, स्वतः चित्रकार होती. १९२३ मध्ये ब्रुकलिन म्युझियमच्या एका प्रदर्शनासाठी तिची जलरंगातली चित्रं निवडली गेली, तेव्हा तिने तिथल्या लोकांना हॉपरचीही चित्रं बघायला लावली. म्युझियमने त्यातलं एक १०० डॉलरला विकत घेतलं. त्याआधी हॉपरचं एकच चित्र विकलं गेलं होतं आणि त्याला दहा वर्षं झाली होती. तोवर त्याचं पोट चालायचं ते मासिकांना आणि जाहिरातींना चित्रं काढून देण्यावर, आणि त्या कामाचा त्याला मनस्वी कंटाळा होता. पुढच्याच वर्षी दोघांनी लग्न केलं.

चित्र पुरं झालं की हॉपर एका हिशेबाच्या वहीत त्याचं छोटं रेखाटन करायचा आणि जो त्याखाली वर्णन लिहायची. 'नाइटहॉक्स'ची तिची नोंद वाचण्यासारखी आहे. स्वस्तातल्या रेस्टॉरंटचा झगझगीत अंतर्भाग. चेरीच्या लाकडाचा काउंटर. मागे उजवीकडे चकाकणाऱ्या धातूच्या टाक्या. काचेखाली, चित्राच्या पाऊण रुंदीत पसरलेला हिरव्या टाइल्सचा लखलखीत पट्टा. स्वयंपाकघरात जाणारं मळकट पिवळं दार. काउंटरमागे पांढरा कोट आणि टोपी घातलेला, सोनेरी केसांचा फार देखणा पोरगा. लाल ब्लाउजमधली, तपकिरी केसांची, सँडविच खाणारी मुलगी. चोचीसारख्या नाकाचा, गडद सूट घातलेला, सिगारेट धरलेला पुरुष; त्याचा निळा शर्ट 'स्वच्छ' आहे हेही ती कंसात टिपते. आणि डावीकडे एक काळी, काहीशी अभद्र पाठ. वर फिलीज सिगारची पाटी, किंमत ५ सेंट.

या सगळ्या वर्णनात एकटेपणा हा शब्द नाही. उदास नाही, रिकामं नाही. चित्र घडताना जी रोज तिथे होती, चित्रातल्या मुलीसाठी उभी राहायची, त्या बाईला सगळ्यात आधी दिसला तो झगमगाट. जरा खटकणारी गोष्ट तिला एकच वाटली, ती पाठमोऱ्या माणसाची पाठ. ही नोंद लक्षात ठेवायची. एकटेपणा चित्रातल्या वस्तूंमध्ये ठेवलेला असता तर जोच्या नजरेतून तो सुटला नसता. ती बारकाव्यांची पक्की होती.

डिसेंबर १९४१

७ डिसेंबर १९४१ ला जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि अमेरिका युद्धात उतरली. न्यूयॉर्कमध्ये हवाई हल्ल्याची भीती पसरली, दिवे विझवण्याचे सराव सुरू झाले. हॉपर दांपत्य वॉशिंग्टन स्क्वेअर नॉर्थवरच्या ३ नंबरच्या घरात, सगळ्यात वरच्या मजल्यावर राहत होतं. वर जायला ७४ पायऱ्या, शेगडीसाठी कोळसा खालून वाहून आणायचा, आणि स्टुडिओच्या छताला प्रकाशासाठी काचा. हॉपर तिथे १९१३ साली राहायला गेला आणि १९६७ मध्ये त्याच स्टुडिओत वारला.

जोने त्या दिवसांत नणंदेला, मॅरियनला, लिहिलेल्या पत्रात तक्रार आहे की आपण काचेच्या छताखाली राहतो, बॉम्ब पडायची शक्यता आहे, आणि एडला त्याचं काही सोयरसुतक नाही. टॉवेल, किल्ल्या, साबण, चेकबुक, मोजे असं सगळं भरून तिने पाठीवरची पिशवी तयार ठेवली होती, तर तो तिची टर उडवत होता. तो नव्या कॅनव्हासवर काम करत होता. २२ जानेवारीच्या पत्रात ती कळवते की एडने एक फार छान चित्र नुकतंच संपवलंय, रात्रीचा लंच काउंटर, तीन माणसं. 'नाइट हॉक्स' हे नाव त्याला शोभेल. दोन्ही पुरुषांसाठी एड स्वतः आरशात बघून उभा राहिला, मुलीसाठी मी. त्याला साधारण दीड महिना लागला.

हिशेब केला तर कामाची सुरुवात पर्ल हार्बरच्या आगेमागे होते. यावरून हे युद्धाच्या भीतीचं चित्र आहे असं पुष्कळांनी म्हटलंय: अंधारलेलं शहर आणि त्यात एकच उघडा, पेटलेला कोपरा. पटण्यासारखं आहे, पण हॉपरने तसं कुठे म्हटल्याचा पुरावा नाही, आणि त्या काळात तो बायकोच्या धास्तीकडे ज्या थंडपणे बघत होता त्यावरून मी या अर्थावर फार भार टाकणार नाही. १९४२ च्या पहिल्या प्रेक्षकांनी ते तसं पाहिलं असेल, हे मात्र सहज शक्य आहे.

पत्रातली दुसरी माहिती मला जास्त मोलाची वाटते. गिऱ्हाइकं तीन, आणि शरीरं दोनच. जोडप्यातला पुरुष हॉपर, आणि त्याच्याकडे न बघता एकटा बसलेला माणूसही हॉपर. शेजारची तरुणी म्हणजे ५८ वर्षांची जो. अनोळखी माणसांनी भरलेलं म्हणून जे चित्र जगभर ओळखलं जातं, त्यातली तिन्ही गिऱ्हाइकं एका घरातल्या नवराबायकोतून निघालेली आहेत. काटकसर हे त्याचं एक कारण, बाहेरच्या मॉडेलला पैसे कोण देणार? शिवाय लग्नानंतर हॉपरच्या चित्रात दुसऱ्या कोणी बाईने उभं राहिलेलं जोला चालायचं नाही. कारण काहीही असो, परिणाम चित्रावर झाला. या माणसांना स्वतःचा असा इतिहास नाही. मॉडेलचा चेहरा, वय, खोडी यातलं जे काही ओळखू येईल ते हॉपरने पुसलं आणि उरली ती आकृती.

पाच निर्णय

आता मूळ मुद्दा. न्यूयॉर्कच्या ग्रीनिच अॅव्हेन्यूवर, दोन रस्ते मिळतात तिथल्या एका रेस्टॉरंटवरून हे चित्र सुचलं, असं हॉपरने नंतर एका मुलाखतीत सांगितलं. तिथेच तो म्हणाला की मी दृश्य खूप सोपं केलं आणि रेस्टॉरंट मोठं केलं. सोपं केलं म्हणजे काय काय काढून टाकलं, हे बघितलं की चित्र उलगडतं.

पहिलं, दार. डायनरला रस्त्यावरून आत शिरायला दार दिसत नाही. आतलं ते पिवळसर दार स्वयंपाकघराचं, तिथे गिऱ्हाइकाचं काय काम? खरं दार चौकटीच्या उजवीकडे, चित्राच्या बाहेर असेल, असं समजायला हरकत नाही. पण चित्र बघताना डोळे आत जायची वाट शोधतात आणि हिरव्या टाइल्सच्या पट्ट्यावरून घसरत कोपऱ्याला वळसा घालून पुन्हा रस्त्यावर येतात. बहुतेकांना दार नाही हे सांगितल्याशिवाय कळत नाही. कळण्याआधीच त्याचा परिणाम होऊन गेलेला असतो.

दुसरं, काच. रंगात काच दाखवायची तर चित्रकार प्रतिबिंबं घालतात, तिरके पांढरे फटकारे मारतात. इथे त्यातलं काहीच नाही. काच आहे हे कळतं ते तिच्या खालच्या पट्ट्यामुळे आणि कोपऱ्यावरच्या वळणामुळे. डावीकडच्या भागात तर काचेच्या दोन थरांमधून पलीकडची विटांची इमारत दिसते. इतकं सगळं स्वच्छ दिसतं आणि ऐकू काहीच येत नाही. आतल्या माणसाच्या बाजूने विचार केला तर गोष्ट आणखी अवघड होते. रात्री उजळलेल्या खोलीतून काचेकडे बघितलं तर बाहेरचा अंधारातला माणूस दिसत नाही, स्वतःचंच तोंड दिसतं. म्हणजे ते आपल्याला पूर्ण दिसतायत, आणि त्यांनी मान वळवली तरी आपण त्यांना दिसणार नाही.

तिसरा निर्णय प्रकाशाचा, आणि इथे जरा रेंगाळायला हवं. १९३८ च्या सुमारास अमेरिकेत फ्लोरोसंट नळ्या बाजारात आल्या आणि पुढच्या काही वर्षांत दुकानांत, हॉटेलांत दिसू लागल्या. पिवळ्या बल्बच्या उजेडाला सरावलेल्या डोळ्यांना तो सपाट, पांढरट-हिरवट उजेड नवा होता. या चित्रातल्या उजेडाला तीच हिरवट झाक आहे. दिवा स्वतः कुठेच दिसत नाही. छताची एक प्रखर पट्टी काचेच्या वरच्या कडेला दिसते. जोने वहीत तिचीही वेगळी नोंद केली आहे. उजेड आत मावत नाही, फुटपाथवर सांडतो, समोरच्या बंद दुकानाच्या दर्शनी भागावर पोचतो. बल्बचा उजेड माणसांना एका वर्तुळात घेतो, कोपरे अंधारात सोडतो, त्यामुळे जवळीक वाटते. हा उजेड तसं करत नाही. मिठाची बाटली, नॅपकिनचा डबा, मोकळी स्टुलं आणि माणसाचा चेहरा यांना तो एकाच भावाने मोजतो. समोर दुकानाच्या खिडकीत एक गल्ल्याचं मशीन आहे, त्यालाही जवळपास तेवढंच लक्ष मिळतं.

चौथं, अंतरं. जोडप्याचे हात काउंटरवर एकमेकांपासून अगदी थोड्या अंतरावर आहेत. स्पर्श झालाय की व्हायचाय की नुकताच संपलाय, हे ठरवता येत नाही, आणि हॉपर ठरवू देत नाही. पुरुष समोर बघतोय, बाई हातातल्या वस्तूकडे. पाठमोरा माणूस काउंटरच्या दुसऱ्या अंगाला, जवळजवळ चित्राच्या मधोमध. त्याच्या डावीकडे काउंटरवर एक रिकामा ग्लास आहे, तिथे कोणी बसलेलं नाही. कोणीतरी उठून गेलंय. चित्रात काही घडल्याची ही एवढीच खूण, आणि ती गेलेल्या माणसाची.

पाचवं म्हणजे रस्ता. न्यूयॉर्कची लोकसंख्या १९४० च्या जनगणनेत ७४ लाखांच्या वर होती. एम्पायर स्टेट इमारत उभी राहून दहा वर्षं झाली होती. यातलं चित्रात काही नाही. कचऱ्याचा कपटा नाही, गाडी नाही, विजेचा खांब नाही. गगनचुंबी इमारतींच्या शहरात उभा जन्म काढूनही हॉपर सहसा आडवी चित्रं काढायचा. हा कॅनव्हासही उंचीच्या जवळपास पावणेदोन पट रुंद आहे. रुंदीमुळे डायनर उजवीकडे सरकतं आणि डावीकडचा मोठा भाग निव्वळ रिकाम्या फुटपाथला आणि बंद दुकानांना मिळतो. वरच्या मजल्यावरच्या खिडक्यांचे पडदे अर्धेमुर्धे ओढलेले. दुसऱ्या एखाद्या चित्रकाराने तिथे एक मांजर तरी बसवलं असतं.

या पाचांचा एकत्रित परिणाम असा की चित्रात बघणाऱ्याची जागा पक्की ठरते. तो रस्त्यापलीकडे, अंधारात, बंद दुकानांच्या बाजूला उभा आहे. आत जायचा मार्ग त्याला दिसत नाही. आतल्या चौघांना निदान छप्पर आणि एकमेकांची सोबत आहे. सगळ्या प्रसंगात निखळ एकटा असा कोणी असेल तर तो हा पाचवा माणूस.

वीस वर्षांची तयारी

हे एकदम सुचलेलं नाही. १९२१ मधलं हॉपरचं 'नाइट शॅडोज' हे एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरून छापलेलं चित्र, बघा: उंचावरून दिसणारा रात्रीचा कोपरा, एकटा चालणारा माणूस, रस्त्यावर आडवी पडलेली खांबाची लांब सावली. परिणाम जबरदस्त आहे, पण जरा नाटकी. सावली जणू बोट दाखवून सांगते, घाबरा.

१९२७ च्या 'ऑटोमॅट'मध्ये, म्हणजे नाणं टाकून खाणं घ्यायच्या हॉटेलात, एक बाई गोल टेबलापाशी कॉफीचा कप घेऊन बसली आहे. एका हाताला हातमोजा, दुसरा हात उघडा. खाली झुकलेली नजर. तिच्यामागची खिडकी काळी आहे आणि तिच्यात छतावरच्या दिव्यांच्या दोन रांगा दूर जाताना दिसतात. बाईचं प्रतिबिंब मात्र नाही. इथे जागा आधीच काम करू लागली आहे, पण मुख्य भार अजून चेहऱ्यावर, हातमोज्यावर, वाकलेल्या मानेवर आहे. त्या बाईबद्दल आपण लगेच गोष्ट रचायला लागतो: कोणाची वाट बघत असेल?

मग १९३० चं 'अर्ली संडे मॉर्निंग'. न्यूयॉर्कच्या सेव्हन्थ अॅव्हेन्यूवरची दुमजली दुकानांची रांग, सकाळचं ऊन, आग विझवण्यासाठीचा रस्त्यावरचा पाण्याचा नळ, न्हाव्याच्या दुकानाचा पट्ट्यापट्ट्यांचा खांब. दुकानांच्या पाट्यांवर अक्षरं आहेतसं वाटतं, वाचता येत नाहीत. वरच्या एका खिडकीत हॉपरने आधी माणूस काढला होता आणि नंतर रंगाखाली गाडून टाकला. प्रकरणाच्या दृष्टीने हा धागा महत्त्वाचा: माणूस काढून टाकल्यावरही एकटेपणा उरतो का, हे त्याने करून बघितलं, आणि उरला. 'नाइटहॉक्स'मध्ये पलीकडे दिसणारी विटांची इमारत या रांगेची सख्खी बहीण वाटते. कॅनव्हासचा आकारही जवळजवळ तोच. बारा वर्षांनी त्याच रांगेसमोर, रात्रीच्या वेळी, त्याने उजेडाची एक पेटी ठेवली आणि माणसं परत आणली, पण या वेळी त्यांच्याकडून अभिनय करून घेतला नाही.

चित्रकाराची साक्ष

हॉपर फार कमी बोलायचा. जोचं एक वाक्य प्रसिद्ध आहे: एडीशी बोलणं कधी कधी विहिरीत दगड टाकल्यासारखं असतं, फक्त तळाला लागल्यावर धप्प आवाज येत नाही. हा माणूस स्वतःच्या सगळ्यात गाजलेल्या चित्राबद्दल काय म्हणतो? मुलाखतीत त्याला हे चित्र एकाकी, रिकामं आहे का असं विचारलं तेव्हा तो म्हणाला, मला ते खास एकाकी वाटलं नाही. आणि मग, दृश्य सोपं केलं हे सांगून झाल्यावर: नकळत, बहुधा, मी एका मोठ्या शहराचा एकटेपणा रंगवत होतो. पुढे एकदा तर तो वैतागून म्हणाला की एकटेपणाचं हे प्रकरण लोकांनी फारच ताणलंय.

समीक्षक यातलं सोयीचं तेवढं उचलतात. कोणी पहिलं वाक्य घेतं, कोणी दुसरं. मला दोन्हींत विरोध वाटत नाही. 'शहराचा एकटेपणा' असं तो म्हणतो, माणसांचा म्हणत नाही. समोर मांडलेल्या माणसांबद्दल त्याला तसं काही वाटत नव्हतं, ती त्याच्या लेखी कॉफी प्यायला आलेली माणसं होती. त्याचं सगळं लक्ष काच, काउंटर आणि फुटपाथवरच्या उजेडाच्या कडा बरोबर जमवण्यात होतं. कोणी एकटेपणा रंगवायला म्हणून बसलं की काय होतं, ते इतरांच्या चित्रांत दिसतं.

जॉर्ज टूकर या अमेरिकन चित्रकाराचं १९५० चं 'द सबवे' घ्या. भूमिगत रेल्वे स्थानक, ठेंगणं छत, सगळीकडे गज, वेगवेगळ्या दिशांना जाणारे बोगदे. मधोमध लाल पोशाखातली एक बाई, चेहऱ्यावर उघड धास्ती. भोवतीच्या कोटवाल्या पुरुषांचे चेहरे एकमेकांसारखे. एग टेम्पेरात, म्हणजे अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगांत, केलेलं काम कमालीचं काटेकोर आहे, मला ते आवडतंही. पण ते निकाल देऊन मोकळं होतं: शहर म्हणजे तुरुंग. बघणाऱ्याला करायला काही उरत नाही. नॉर्वेच्या एडवर्ड मुंकच्या १८९२ मधल्या 'कार्ल योहान रस्त्यावरची संध्याकाळ'मध्ये गर्दी आपल्या अंगावर चालून येते, फिकट चेहरे, विस्फारलेले डोळे, आणि एकच काळी आकृती रस्त्याच्या मधून उलट्या दिशेला जाते. तिथे एकटेपणा म्हणजे किंकाळी आवळून धरणं. दोन्ही मोठी चित्रं. दोन्हींत माणसांचे चेहरेच सगळं सांगून टाकतात. हॉपरच्या डायनरमध्ये मात्र चेहऱ्यांकडून काही कळत नाही, म्हणून आपण काचेकडे, दाराकडे, रस्त्याकडे वळतो.

विक्री, नकला आणि डायनरचा शोध

चित्र हॉपरची चित्रं विकणाऱ्या रेन गॅलरीत गेलं. १९४२ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये एका प्रदर्शनाच्या उद्घाटनाला जोची गाठ तिथले संचालक आल्फ्रेड बार यांच्याशी पडली. ते हॉपरच्या दुसऱ्या एका चित्राची तारीफ करत होते, तर तिने त्यांना 'नाइटहॉक्स' बघायला सुचवलं. ते जाऊन बघितलं मात्र शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटचे संचालक डॅनियल कॅटन रिच यांनी, आणि ३,००० डॉलरला ते शिकागोला नेलं. ब्रुकलिनसारखंच इथेही जो मध्ये होती.

पुढे नकलांचा पूर आला. सगळ्यात माहितीची गॉटफ्रीड हेल्नवाइनची, १९८४ ची: तेच डायनर, आणि आत हम्फ्री बोगार्ट, मेरिलिन मन्रो, जेम्स डीन, काउंटरमागे एल्विस प्रेस्ली. या प्रकरणात ती उपयोगाची आहे, कारण तिने नकळत एक प्रयोग करून दाखवला. जागा तशीच ठेवली आणि माणसं ओळखीची केली, तर एकटेपणा उडून जातो. उरते ती हळहळ, अकाली गेलेल्या नटनट्यांबद्दलची. आपल्याला त्यांची नावं ठाऊक आहेत, म्हणून काच पातळ होते.

मार्च २०२० मध्ये जगभर लोक घरांत कोंडले गेले, तेव्हा 'आता आपण सगळेच हॉपरची चित्रं झालोय' अशा अर्थाचा मजकूर सोशल मीडियावर धो धो फिरला. बंद खोलीत खिडकीपाशी बसलेली एकटी बाई हे हॉपरचं दुसरं रूप त्या दिवसांना चपखल बसत होतं. 'नाइटहॉक्स'मध्ये मात्र कोणी कोंडलेलं नाही. उलट रात्री उशिरा कुठेतरी जाऊन बसता येतं, कोणी उठवत नाही, एवढी मुभा त्यात आहे. म्हणूनच काही जणांना हे चित्र दिलासा देणारं वाटतं. हे वाचन मी चुकीचं म्हणणार नाही, पण ते काउंटरवर बसून केलेलं वाचन आहे. हॉपरने तिथलं स्टूल आपल्याला दिलेलं नाही.

खरं डायनर शोधायचाही बराच खटाटोप झाला. ग्रीनिच अॅव्हेन्यूवरच्या एका त्रिकोणी मोकळ्या भूखंडाकडे बोट दाखवून ते इथे होतं असं सर्रास सांगितलं जायचं. २०१० मध्ये एका न्यूयॉर्करने जुने नकाशे आणि पालिकेचे जुने फोटो धुंडाळले, तर त्या काळात तिथे पेट्रोल पंप असल्याचं निघालं. काहींच्या मते इमारतीच्या टोकदार आकारावर न्यूयॉर्कच्या फ्लॅटआयर्न या त्रिकोणी इमारतीचा ठसा आहे. दोन-तीन ठिकाणचे तुकडे जोडून केलेली ही जागा असावी. हॉपरची कामाची पद्धत तीच होती: रस्त्यावर रेखाटनं करायची, रंगांच्या नोंदी टिपायच्या, आणि चित्र स्टुडिओत रचायचं.

उरलेली शंका

जोच्या पत्रात एक गोष्ट मला अजून खटकते. ती तीन माणसं मोजते. चित्रात चार आहेत. गोऱ्या, देखण्या पोऱ्याचं वहीत तिने कौतुक केलंय, पण नणंदेला लिहिताना तो हिशेबात नाही. कदाचित तिच्या मनात माणसं म्हणजे ज्यांच्यासाठी ती दोघं उभी राहिली तेवढीच असतील.

आणि खरं तर काही करत असलेला चित्रातला एकमेव माणूस तोच. बाकीचे तिघं बसलेत. तो वाकलाय, हात काउंटरखाली आहेत, मान वर उचललेली आहे. काउंटरच्या त्रिकोणात तो सगळ्या बाजूंनी वेढला गेलाय, तरी बाहेर पडायचं चित्रातलं एकमेव दार त्याच्याच बाजूला आहे. तो जोडप्याकडे बघतोय की त्यांच्या खांद्यावरून पुढे, हे मला कितीदा बघूनही ठरवता आलेलं नाही. बाकी तिघांसाठी कोण उभं राहिलं ते पत्रात लिहिलेलं आहे. या पोऱ्यासाठी आरशासमोर कोण होतं, की कोणीच नव्हतं, त्याबद्दल त्या पत्रात एक अक्षर नाही.